काचेची मोटर

अर्धांगवायूच्या झटक्यानं वाचा गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवतात, त्या दवाखान्याच्या बाकावर शिवणकाम करणाऱ्या एक वहिनी नवऱ्याला घेऊन बसल्या होत्या. त्यांची ही पहिलीच खेप. समोर एक काका, त्यांची बायको आणि मुलगी. बोलत होती ती मुलगीच.

“बाबा, गाडीची मागची काच खाली गेलीय ती वर येतच नाही. म्हटलं, तुमच्यासारखं घरीच दुरुस्त करू.”

“त्यांना कशाला त्रास देतेस गं? आजारी पडल्यापासून एक शब्द तरी फुटलाय का तोंडातून?”

“नुसतं सांगतेय, आई. बॉनेट उघडून मोटर शोधली. एक सापडली, ती खोलून बसले, तर निघाली वायपरची! आता काचेबरोबर वायपरही गेला.”

“दा... दारात.”

“अगंबाई! कोण आलंय दारात?”

“गाडीच्या! गाडीच्या दारात... आत असते मोटर. बॉनेटमध्ये काय... शोधतेस, गाढव!”

“आई, बाबा रागावले!”

“ऐकलं गं. किती छान रागावले! अहो, पुन्हा एकदा म्हणा ना.”

“गाढव.”

वहिनींच्या छातीवरचं दडपण उतरलं. त्यांनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाईंनी हाक मारली, “चला काका, आता तुमचा नंबर. बोलायचा सराव करू या.”

“थांबा,” काका म्हणाले. “आधी हिला... स्क्रू कुठे आहेत ते सांगतो.”