वीस अक्षरांची जागा

— नाही दादा, बसा आधी पाच मिनिटं, तुमच्या बहिणीची बॅग काय पळून जातेय? आणि ते पत्र द्या इकडे. 'प्रिय', मग तिचं नाव, मग हे एवढं मोकळं मैदान, आणि मग कुठे स्वल्पविराम — ही रिकामी जागा कुणासाठी ठेवलीय, असंच विचारतेय ना ती? कुणासाठी नाही हो. आमची वॉशिंग मशीन दुरुस्तीची कंपनी, तक्रारी ढिगानं, म्हणून माफीपत्रांसाठी मीच कॉम्प्युटरला एक कमांड लिहून दिलीय — प्रिंटएफ म्हणतात — पत्र एकदाच लिहायचं, नावाच्या जागी टक्क्याची खूण, कारणाच्या जागी टक्क्याची खूण, यादी जोडली की एका दमात तीनशे माफ्या तयार. टक्क्यापुढे उणे वीस लिहिलं की नावाला वीस अक्षरांची जागा मिळते — ग्राहकांची नावं लांबलचक असतात — आणि बायकोचं पडलं दोन अक्षरी, उरलेली अठरा कोरी. एवढीच भानगड. या कमांडसाठी साहेबांनी पाठ थोपटली होती माझी.

काय? ग्राहकांच्या यादीत घातलं का तिला? शेवटी घातलं, तीनशे एकवी. मग काय करू? हातानं लिहायला बसलो होतो की, चांगला दोन तास बसलो, 'प्रिय'च्या पुढे गाडीच सरकेना. आणि 'मनापासून दिलगीर आहे' हे वाक्य माझंच आहे हं — सहा वर्षांपूर्वी मीच सुचवलेलं. — 'तांत्रिक अडचणीमुळे झालेला त्रास'? हां, ते मात्र मी नाही लिहिलं. कारणाचा रकाना रिकामा सोडला की कमांड ते आपोआप घालते. — रिकामा का सोडला म्हणजे... घाईत होतो. खरं सांगू दादा, घर खायला उठतं. जिन्यात पाऊल वाजलं की उठून दार उघडतो, तर वरच्या मजल्यावरचे असतात, आता तेही माझ्याकडे बघून हसायला लागलेत.

फोन कशाला लावताय — लागला? बरं, द्या. — हॅलो. हो, मीच. अगं, सोड ते पत्र, तोंडानंच मागतो माफी. मनापासून. — कशाची म्हणजे... झालेल्या सगळ्या — थांब हं, एक मिनिट. — दादा, तुमच्याशी बोलली असेल, हळूच सांगा ना — ती नक्की कशामुळे गेली? — खुणा कसल्या करताय, हात ठेवलाय मी फोनवर, तिला नाही ऐकू जाणार. — हॅलो? हॅलो?