दामिनीची चेटकीण

लातूरच्या बसस्थानकावर नांदेडच्या गाडीची वाट बघत बसलेल्या महादेवीबाई पानाला चुना लावत होत्या. शेजारच्या बाकावरच्या पोरीचा आवाज चढला, तसा त्यांचा हात थांबला.

"वीरेश, मारलंस तिला?"

"राक्षसानं मारलं. एकाच घावात गेली."

"माझी चेटकीण! तीन वर्षं खेळतेय मी तिला. नियमांच्या नव्या पुस्तकात मरताना जीव वाचवायला फासे टाकू देतात की!"

"रविवारी जुन्या पुस्तकानं खेळलो. त्यात मेला तो मेला."

"आन् मी तर आलेच नव्हते! जो येत न्हाई, त्याचं पात्र धर्मशाळेत झोपतं. आपलाच नियम हाय."

महादेवीबाईंचा जीव भांड्यात पडला. खेळातलं मरण होतं म्हणायचं.

"कायमचं जाणाऱ्याला लढाईत इज्जतीनं मरण द्यायचं, हा बी आपलाच नियम. आपल्यातला शिवम पुण्याला गेला तवा त्याच्या पात्राच्या मरणाला तूच रडलीस."

"पण मी कुठं चालले? कॉलेजचं एक वर्ष बाकी हाय माझं."

"मस्करी नको करू. सगळ्यांनी उभं राहून निरोप दिला तिला."

"कुठं चालले मी, वीरेश?"

"देगलूरला. तुझे अप्पा शनिवारी आमच्या दुकानात आलते, शालू घ्यायला. तिकडची माणसं बी होती. मला पेढा दिला."

"कुणाचा शालू?"

"दामिनी... मला वाटलं तुला ठाऊक हाय."

गाडी लागली. महादेवीबाई उठल्या नाहीत. पोरगी हळूच म्हणाली,

"तारीख कोणती सांगितली अप्पांनी?"