सिलिकॉनच्या चकतीला हळद

आईचे दिवस उरकून मी भिवंडीच्या एस.टी. स्टँडवर ठाण्याच्या रांगेत उभी होते. आदल्या दिवशी खंडेनवमी झाली होती. माझ्यापुढे अंजूरची एक बाई, दसरा असूनही मुंबईला कामावर निघालेल्या मुलाला पोचवायला आली होती.

"डबी उघडलीसच कशाला, आये?"

"कोयता पुजला, नांगर पुजला. तुजं हत्यार तेवढं तसंच ठेवू?"

"हत्यार न्हाय ते. सिलिकॉनची चकती हाय. अणूतला कण येऊन आदळला की ती इशारा देते. आज दुसऱ्या प्रयोगशाळेत पोचवायची होती, म्हणून घरी आणली."

"वर सोन्याचा मुलामा दिसला. हळदकुंकू वाहिलं."

"नुसतं बोट लागलं तरी बाद होते ती."

"म्हणून तर पदरानं पुसली. लख्ख केली."

"पुसलीस पण?"

"सायबाला सांग, आपसूक बिघडली."

"मग सगळे बनवण्यातली चूक शोधत बसतील. माझ्या हातची पहिली चकती हाय. खरं तेच सांगणार."

"आन् कामावरनं काढला तर?"

"काढतील."

"काढतील कसे? मीच येते. इचारते सायबाला, तुमच्या घरी काल काय पुजलंत?"

"तुला आत सोडायचे न्हाय."

"फाटकाशी उभी ऱ्हाईन. त्याला भायेर बोलाव."

"साहेब फाटकावर येतो होय?"

"न्हाय आला तर तितंच बसेन."

"आये, ऐक जरा."

"तू ऐक. चूक माजी हाय."

गाडी लागली. ती दोघं माझ्या पुढच्या बाकावर बसली. कंडक्टर आला.

"ठाणे, दोन," मुलगा म्हणाला.