पडद्याआडून आलेली हाक

मंडळी, ऐका. आज आधी प्रश्न, मग कथा. खोटं बोलून कुणाचं दुःख हलकं होत असेल, तर त्या खोट्याला पाप म्हणायचं का? – घाई नको! तुम्ही माना आधी डोलावता आणि विचार घरी गेल्यावर करता.

तिकडे इराकातल्या बसऱ्याची लढाई संपली होती. पहिलं महायुद्ध म्हणा. भोवरवाडीची पोरं बोटीत बसून गेली. परत आली ती निम्मीसुद्धा नाहीत. सारजाबाईचा केरबा तिकडेच वाळूत राहिला. ना प्रेत, ना राख, नुसती खबर. घरात उरल्या दोघी – सारजाबाई आणि केरबाची कोवळी बायको, हौसा.

आता हा केरबा कसा? सारजाबाईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला केरात टाकलं, शेजारच्या गोजराबाईनं उचललं, आणि सारजाबाईनं पसाभर कोंडा देऊन तिच्याकडून विकत घेतलं. का? तर पोर हिचं आहे, हे यमाला कळू नये! हसता काय? तुमच्या आज्ज्यांनी हेच केलंय. फसवणूक पक्की व्हावी म्हणून पोराला शिकवलं – गोजराबाईला आई म्हणायचं, सारजाबाईला काकी. जन्मभर तो काकीच म्हणाला. पलटणीत निघाला तेव्हाही, ‘काकी, येतो.’

यम मात्र बसऱ्याला बरोबर पत्ता काढून आला.

मग गावात कमळनाथ नावाचा एक महाराज आला, वेशीबाहेर मठ मांडून बसला. हा पडदा लावायचा, धूप जाळायचा, आणि पडद्याआडून मेलेले शिपाई बोलायचे. त्याचा चेला आधीच पाणवठ्यावर बसून कुणाचं कोण गेलं ते ऐकून ठेवायचा. पण मुलगा आईला काय म्हणतो, हे कोण कशाला विचारील?

सारजाबाईची पाळी आली. पडद्याआडून आवाज आला, ‘आई, मी केरबा.’

– मृदंगबुवा, हात थांबवा. इथं ताल नको.

तिला त्याच क्षणी कळलं. तरी पुढच्या गुरुवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. दक्षिणेत कोंबड्या गेल्या, शेळी गेली, जोंधळ्याची कणगी तळाला लागली. हौसानं विचारलं, आत्ती, आता खायचं काय? सारजाबाई तरी काय सांगणार? जो शब्द पोटच्या पोराकडून ऐकायचा राहिला, तो एक लबाड देत होता, आणि ती घेत होती.

मग एका गुरुवारी पडद्याआडचा केरबा म्हणाला, ‘आई, मला शांती नाही. हौसाला महाराजांच्या सेवेला मठात ठेव.’

हौसानं सासूचा पदर धरला. भोवतीच्या बाया म्हणू लागल्या, लेकानं मागितलंय, दे बाई.

सारजाबाई उठली. पडदा वगैरे ओढला नाही – ते सिनेमात. जागच्या जागी उभी राहून म्हणाली, ‘माझा केरबा मला काकी म्हणायचा.’

कमळनाथ कच्चा नव्हता. आतून उत्तर आलं, ‘मेल्यावर खरं नातं कळतं, आई.’

मंडळी, किती गोड! पण ती म्हणाली, ‘कळलं असतं, तर बायकोला परक्याच्या दारात टाक म्हणाला नसता. मला आई म्हणू नका. चल हौसा.’

कमळनाथानं पडदा गुंडाळला. गावानं सारजाबाईला हार घातले? नाही. ज्यांची पोरं त्या पडद्यामागं बोलत होती, त्या बायांनी तिच्याशी बोलणं टाकलं. एकीनं तोंडावर सांगितलं, ‘तुझा लढाईत गेला. माझा तू मारलास.’

याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पाप कमळनाथाचं, ते त्याच्यापाशी. पण त्याच्या आधी गाव काय करत होतं? खबर आली तेव्हा लोक येऊन बसले, आणि नंतर सारजाबाई दिसली की वाट बदलू लागले. नाव काढलं तर रडेल, म्हणून केरबाचं नाव कुणी घेईना. मग जिथं घेतलं जात होतं, तिथं ती गेली!

तुमच्याही आळीत असं एक दार आहे. मला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. उद्या जा. आत्मा अमर आहे, हे सांगायला जाऊ नका. तिनं ते पुष्कळ ऐकलंय. एवढंच विचारा – ‘कसा होता हो तुमचा मुलगा?’ आणि ती बोलायची थांबेपर्यंत उठू नका.

आज गजर नाही. टाळ खाली ठेवा. घरी जाताना त्या दारावरून जा.