पिशवीला शेपूट नसतं

कोल्हापूर स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची चार वर्षांची नात. नातीची आई तिकिटाच्या रांगेत होती. नात पुण्याला राहायला जायला तयार नव्हती.

"तिथं कट्ट्यावर म्हस आणून ग्लासात दूध पिळत न्हाईत. मी जानार न्हाय."

"पुण्यात दूध पिशवीत मिळतंय, संयू."

"पिशवीला शिंगं असत्यात?"

"न्हाईत."

"शेपूट?"

"न्हाय."

"मग माश्या कशानं हाकलती?"

"फ्रीजमधी असती ती. तिथं माश्या न्हाईत."

"फ्रीजमधी उभी ऱ्हाती?"

"आडवी असती."

"म्हंजे आजारी हाय."

"आजारी न्हाय. आई कात्रीनं तिचा कोपरा कापती आन् दूध वतती."

"कापती? आन् मला मारकुटी म्हणती."

"आगं, म्हशीचंच दूध हाय ते. म्हस हितंच ऱ्हाती, दूध तेवढं गाडीनं पुण्याला जातंय."

"म्हशीला सोडून?"

"व्हय."

"म्हस रडती?"

"न्हाय. रवंथ करत बसती."

संयू आजोबांच्या मांडीवर चढून बसली.

"आण्णा, तू पण हितंच ऱ्हानार?"

"व्हय."

"मग तू म्हस हायस."

"हाय की."

"आन् मी दूध."

"तू दूध."

"मग जातो मी."

आई तिकिटं घेऊन आली.

"संयू, चल, गाडी आली. आण्णांच्या पाया पड."

"आधी त्यास्नी वैरण घाल."

"काय?"

"घाल की, सूनबाई. पेंड असली तर उत्तम."