पायऱ्या बंद

हाडांच्या डॉक्टरांचा अंबरनाथचा दवाखाना तेव्हा पहिल्या मजल्यावर होता. खाली जिन्याजवळच्या बाकावर माझ्याशेजारी बदलापूर गावचे दोन म्हातारे नंबरची वाट बघत बसले होते.

“हरिचंद्र, गुडघा परत सुजला म्हणजे तू पथ्य मोडलंस.”

“नाय मोडलं, जनूदादा. डॉक्टर म्हणाले, पायऱ्या बंद. महिन्याभरात घाटाची एक पायरी उतरलो असलो तर शपथ!”

“मग नदीत पोहायला कसा जातोस?”

“वरून उडी मारतो.”

“धन्य आहेस! साठी उलटली ना तुझी?”

“चौसष्ट. म्हणून तर सूर नाय मारत. सरळ पायांवर उडी.”

“अरे, त्यानंच गुडघा गेला!”

“पोहणं सोड म्हणू नको हां. पाण्यात असलो की मला गुडघे आहेत हेच आठवत नाय.”

“सोड कोण म्हणतंय? म्हशी उतरतात त्या उतारावरून जा. म्हशीचा गुडघा दुखल्याचं ऐकलंस कधी?”

“तिथं शेण असतं.”

“असू दे. आणि बेडकासारखे पाय झाडू नकोस. हातांनी पाणी काप, पाय नुसते हलव.”

“असं करून पलीकडे पोचेन?”

“मी सत्तरीत रोज पोचतो.”

“म्हणजे तू म्हशींबरोबर उतरतोस?”

“त्यांच्या मागून. पहिला मान त्यांचा.”

वरून कंपाउंडरनं हाक मारली, “हरिचंद्र भोईर, वर या!”

“डॉक्टरांना म्हणावं, खाली या! पायऱ्या त्यांनीच बंद केल्यात.”