टेस्टच्या मेलवर आलेली माणसं

काडी : दार लाव. आधी दार लाव, मग घाम पूस.

उशी : अगं, धावत आलोय मी. फोनवर असं किंचाळतात का? कुणी मेलंय का?

काडी : तेच माहीत नाही.

उशी : काय?

काडी : मेलंय का, तेच माहीत नाही. बस. नको, उभाच राहा. हे बघ. आपला टेस्टचा मेल.

उशी : तुझा कचरा. साइट बनवताना खोटे फॉर्म भरून बघतेस, तो. ‘बटाटा बटाटा’, ‘अबक डबक’, ‘उशी मठ्ठ आहे’... हे माझं नाव घालून टेस्ट करतेस होय?

काडी : त्याच्या खाली जा. अजून खाली.

उशी : नाव, पत्ता, कोणती सेवा हवी... हा तर सिस्टरच्या साइटचा फॉर्म.

काडी : सिस्टरचाच. घरी जाऊन पेशंटचं ड्रेसिंग करतात, इंजेक्शनं देतात, त्या आपल्या सिस्टर. तीन आठवडे झाले त्यांची साइट चालू करून. तेव्हापासून जो कोणी फॉर्म भरतोय, त्याचं सगळं इथं येऊन पडतंय. सिस्टरकडे एक अक्षर गेलेलं नाही.

उशी : थांब, थांब. म्हणजे कसं आहे, साइट चालू करायच्या दिवशी तू टेस्टचा पत्ता बदलतेस ना, गिऱ्हाइकाचा घालतेस?

काडी : बदलते. त्या दिवशी नाही बदलला. माझी चूक. झालं समाधान? आणि मग तू तुझ्या फोनवरून फॉर्म भरतोस आणि गिऱ्हाइकाला फोन करून विचारतोस, आलं का. तू काय केलंस?

उशी : भरला होता मी. शप्पथ. हिरवी पट्टी आली. ‘धन्यवाद, आम्ही चोवीस तासांत तुमच्याशी संपर्क साधू.’

काडी : ती पट्टी मीच लिहिलीय, गाढवा! बटण दाबलं की ती येणारच. पोचलं कुठं, ते तिला काय कळतंय? सिस्टरना फोन केलास का?

उशी : आपण भांडलो होतो त्या दिवशी.

काडी : म्हणून?

उशी : म्हणून म्हणजे काय! तू चार्जर फेकून मारलास मला.

काडी : भिंतीला मारला.

उशी : मी भिंतीला टेकूनच उभा होतो! त्या जिमवाल्याला मी चार दिवसांत साइट देतो म्हणालो, एवढ्यावरून. दोन दिवस तू तोंड उघडलं नाहीस. मग मला वाटलं, मरू दे, हिची साइट, हीच बघेल.

काडी : आणि मला वाटलं, तू बघशील. छान. आणि सिस्टरना काय सांगितलंस?

उशी : सांगितलं की... मी स्वतः सगळं तपासलंय.

काडी : वा.

उशी : किती आलेत?

काडी : तुझा सोडून चौदा. चार चौकशीचे आहेत, एका बाईला नोकरी हवीय. साइटवर सिस्टरचा नंबर आहे, त्या पाचांनी नंतर फोन केला असेल. करता येतो त्यांना. उरलेले नऊ एकाच माणसाचे आहेत.

उशी : नऊ?

काडी : वाचू?

उशी : नको.

काडी : वाचते. पहिला एकोणीस दिवसांपूर्वीचा. ‘उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम आहे. मधुमेह आहे. ड्रेसिंगला कुणीतरी यावे. मला ऐकू येत नाही, तरी फोन करू नये. तिसरा मजला, दार नुसते लोटलेले असते.’

उशी : ऐकू येत नाही...

काडी : म्हणून फॉर्म भरला त्यांनी. त्यांना दुसरं काही करताच येत नव्हतं. पुढचा. ‘काल दिवसभर दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. कदाचित आपण येऊन गेलात आणि मला डुलकी लागली असेल. क्षमस्व.’

उशी : बास.

काडी : ‘क्षमस्व’ म्हणतायत ते, उशी! आपल्याला! मग मधले सगळे तसेच. हा शेवटचा. ‘बोट काळे पडले आहे. ताप आहे. जिना उतरवत नाही. कृपया.’ संपलं. चार दिवसांपूर्वी. त्यानंतर काहीच नाही.

उशी : चार दिवस म्हणजे... अगं, दुसरं कुणीतरी आलं असेल. शेजारी असतात, मुलं असतात. माणूस असा पडून राहतो होय? आता बरे झाले असतील, म्हणून बंद केलं लिहायचं.

काडी : शेवटच्या निरोपात ‘बरे झालो’ असं लिहिलंय का?

उशी : नाही.

काडी : मग बूट घाल, पत्ता इथला चार चौकांवरचाच आहे.

उशी : काडी, हे बघ. ऐकून घे. पेटू नकोस लगेच. पत्ता आत्ता बदलून टाक. दोन मिनिटांचं काम आहे. आणि हे... हे काढून टाक.

काडी : काय काढून टाक?

उशी : हे चौदा. कुणाला काय माहीत कुठं गेले? म्हणायचं, सर्व्हरचा घोळ होता.

काडी : परत बोल.

उशी : अगं, उद्या काही झालेलं निघालं तर? पोलीस विचारतील, कुणी बनवलं. सही माझी आहे सिस्टरच्या करारावर. आई आत्ता कुठं लोकांना सांगायला लागलीय, मुलाचा धंदा आहे म्हणून. आणि तू? शाळा सोडलीस तेव्हा तुझे बाबा काय बोलले होते, आठवतंय ना? आता काय दिवे लावणार म्हणून? त्यांना काय सांगशील?

काडी : बाबांना मध्ये आणू नकोस.

उशी : मला भीती वाटतेय गं.

काडी : मला काय गुदगुल्या होतायत? सकाळपासून तीनदा बोट ठेवलं होतं मी त्या डिलीटवर. तीनदा! तुला फोन केला तो ते बोट काढायला म्हणून. आणि तू येऊन तेच बोल. चल आता. नाहीतर मी एकटी जाते आणि आयुष्यात परत तुझ्याशी बोलत नाही. आणि या वेळी चार्जर भिंतीला मारणार नाही.

उशी : ...थांब. बूट बांधू दे.

काडी : चालत चालत बांध.

उशी : चालत चालत बूट कसा बांधतात?

काडी : मग नको बांधूस.

(रस्त्यावर.)

उशी : हळू चाल ना.

काडी : तू जोरात चाल.

उशी : त्या दिवशी तू मला नुसतं विचारलं असतंस, फोन केलास का म्हणून... एवढंच.

काडी : विचारलं नाही, कारण तू मित्र आहेस. परका कुणी असता तर चारदा विचारलं असतं, लिहून घेतलं असतं. तुला काय विचारायचं? लहानपणी तू म्हणायचास, विहिरीत पाणी खोल नाही, की मी मारायची उडी.

उशी : मीसुद्धा त्याचमुळे नाही बघितलं. तुझं काम, त्यात काय बघायचं. चुकशील कशी तू.

काडी : म्हणजे आपण एकमेकांवर विश्वास ठेवला आणि वाट लावली त्या म्हाताऱ्याची.

उशी : असं नको ना बोलूस.

काडी : ही बिल्डिंग. हाच नंबर. वर बघ, खिडकीचा पडदा ओढलेला आहे.

उशी : आधी सिस्टरना सांगूया का? त्यांना येऊ दे, मग आपण...

काडी : आणि तोवर? चढ.

उशी : तू पुढं हो ना.

काडी : माझा हात धर. धर रे. बघत नाहीये कुणी.

उशी : तिसरा मजला ना?

काडी : मोज जिने गपचूप.

उशी : समोरच्या दाराला कुलूप आहे. आणि ह्यांच्या दाराशी... पेपर पडलेत. एक, दोन, तीन... चार. काडी, चार आहेत.

काडी : मला मोजता येतं.

उशी : वास येतोय का तुला?

काडी : येतोय.

उशी : कसला?

काडी : मला माहीत नाही! नको विचारूस! कडी का वाजवतोयस? त्यांना ऐकू येत नाही. कुणासाठी वाजवतोयस?

उशी : माझ्यासाठी.

काडी : सरक. मी ढकलते.

उशी : थांब, थांब, एक मिनिट, थांब...

काडी : उघडलं.

उशी : काय दिसतंय? मी बघत नाहीये. सांग काय दिसतंय.

काडी : खुर्ची. दाराशीच आहे. रिकामी. टेबलावर कॉम्प्युटर, बंद. खाली पाण्याचा तांब्या आडवा पडलाय. पलीकडे कॉट. कॉटवर... आहेत.

उशी : हलतायत?

काडी : नाही.

उशी : देवा. देवा रे.

काडी : पायाला टॉवेल बांधलाय. वास त्याचा आहे. आजोबा? आजोबा! मी पण काय, हाका मारतेय. हात लावते.

उशी : नको लावूस!

काडी : गरम आहे.

उशी : म्हणजे?

काडी : म्हणजे जिवंत आहेत, मठ्ठा! भट्टीसारखे तापलेत! अँब्युलन्सला फोन कर. पत्ता नीट सांग, तिसरा मजला सांग, स्ट्रेचर लागेल सांग. आणि मग लगेच सिस्टरना.

उशी : सिस्टरना तू कर ना.

काडी : तपासलंय असं कोण म्हणालं होतं? मी पाणी पाजते ह्यांना.

उशी : ...हॅलो, अँब्युलन्स? एक आजोबा आहेत, पाय... हो, पत्ता सांगतो... तिसरा मजला, लिफ्ट नाहीये. शुगर आहे त्यांना, पाय काळा पडलाय, खूप ताप. लवकर या. प्लीज... निघाले, काडी. दहा मिनिटं म्हणतायत.

काडी : दुसरा फोन.

उशी : करतोय... सिस्टर? मी साइटवाला. नाही, पैशांसाठी नाही. सिस्टर, फॉर्मवरून तुम्हाला एकही निरोप आला नाही ना? ...बरोबर आहे, तुम्हाला वाटलं असेल, अजून कुणी भरतच नाही. भरत होते. आमच्याकडे येत होते. मी तपासलं म्हणालो, ते खोटं होतं... हो. खोटं. एक आजोबा आहेत, त्यांनी नऊ वेळा लिहिलं होतं. आम्ही त्यांच्या घरातच आहोत... पाय घोट्यापर्यंत सुजलाय. बोलत नाहीयेत... बरं. पाय उंच ठेवतो. टॉवेल सोडत नाही... हो सिस्टर. थांबतो.

काडी : ओरडल्या?

उशी : नाही. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. थेट दवाखान्यात येतायत.

काडी : शूऽऽ. डोळे उघडले. थोडं थोडं प्या, आजोबा. थोडंच.

आजोबा : आलात?

काडी : प्या आधी.

आजोबा : सिस्टरकडून ना तुम्ही?

काडी : उशी! हो म्हणून मान का हलवलीस?

उशी : मग काय करू? किती बरं वाटलं बघ त्यांना.

आजोबा : तुमचा दोष नाही हो. मलाच ते यंत्र जमत नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. एवढाले स्क्रू. एक कधी इकडचा तिकडे झाला नाही. आणि हे चार चौकोन भरायचे, ते जमेना. पुन्हा पुन्हा करून पाहायचो. हिरवं यायचं, वाटायचं गेलं. पण जात नसणार. मी कुठंतरी चुकीचं दाबत असणार. त्या वहीत क्रमानं लिहून ठेवलं होतं, तरी चुकायचंच.

काडी : कुठली वही? ही? ‘एक, नाव. दोन, पत्ता. तीन, कारण. चार, पाठवा दाबणे. पाच, वाट पाहणे.’

उशी : काडी, रडू नकोस ना. मग मीपण...

काडी : पेन दे.

उशी : कशाला?

काडी : लिहून सांगते त्यांना.

उशी : आत्ता? एवढ्या तापात? बरे झाले की सांगू. कसं आहे, आत्ता त्यांना धक्का...

काडी : आणि नाही बरे झाले तर? पाय कापावा लागला तर? त्यांना हेच वाटत राहणार, आपल्यालाच जमलं नाही. पेन दे, उशी.

उशी : ...घे. पण दोघांनी केलं असं लिही. एकटीवर घेऊ नकोस.

काडी : वही सरकतेय.

उशी : वही मी धरतो. लिही.

काडी : झालं. आजोबा, हे. इथं. चष्मा हा घ्या.

आजोबा : काय आहे? ‘आम्ही सिस्टरकडचे नाही. हा फॉर्म आम्ही दोघांनी बनवला. तुमचे नऊच्या नऊ निरोप आले होते. आम्ही ते चुकीच्या जागी पाठवत होतो, सिस्टरना एकही मिळाला नाही. आम्ही आज पहिल्यांदा वाचले. चूक आमची...’ पुढचं अक्षर लागत नाही मला.

उशी : पूर्ण आमची आहे, आजोबा.

काडी : त्यांना ऐकू येत नाही.

उशी : माहितीये.

काडी : खाली गाडी थांबली. जिन्यात माणसं आली बघ. दार पूर्ण उघड, स्ट्रेचर येऊ दे. आजोबा, असे नुसते बघू नका हो. ओरडा. काहीतरी बोला.

आजोबा : म्हणजे माझं बरोबर होतं.